वाचक विचारतात : खांद्यातून निसटणारा यंत्रमानव

मागील अंकात पाच लहान मोटारींपासून एक मोठा यंत्रमानव उभा करणाऱ्या एका संचाचे परीक्षण प्रसिद्ध झाले होते. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. खेळण्यांवर एवढ्या गांभीर्याने लिहिण्याची गरज काय, असा प्रश्न एका पत्रात आहे. ज्या पालकाने दोन हजार रुपये मोजून संच घरी नेला आणि तिसऱ्या दिवशी त्याचा हात गळून पडलेला पाहिला, त्याला हा विषय पुरेसा गंभीर वाटतो, एवढेच त्याचे उत्तर आहे. उरलेल्या पत्रांपैकी पाचांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्या विद्यालयाच्या वार्षिक हस्तलिखितासाठी नववीतल्या तीन मुलांनी अशाच एका संचाचे परीक्षण लिहिले आहे. तिन्ही लेखांत ‘रंग आकर्षक आहेत’, ‘रूपांतर सोपे आहे’ आणि ‘किंमत थोडी जास्त वाटते’ यापलीकडे काहीही नाही. मुलांपाशी खेळणे आहे, हौसही आहे. परंतु नेमके काय पाहायचे ते त्यांना उमगत नाही. कृपया मार्गदर्शन करावे. (एक शिक्षिका, डिचोली)

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांना प्रथम हे सांगावे की, त्यांच्या हातात असलेले प्रत्येक लहान खेळणे वास्तविक तीन खेळणी आहे. ते वाहन आहे, स्वतंत्र यंत्रमानव आहे आणि मोठ्या आकृतीचा हात किंवा पायही आहे. या तिन्ही भूमिका एकाच प्लास्टिकमधून निभवायच्या असल्यामुळे बनवणाऱ्याला कुठे ना कुठे तडजोड करावीच लागते. ती तडजोड कुठे केली आहे आणि तिची किंमत तिघांपैकी कोणी मोजली आहे, हे शोधून काढणे म्हणजेच परीक्षण. मोटार सुबक असेल, तर तिची दारे आणि टप यंत्रमानवाच्या पाठीवर बोचक्यासारखी लोंबत आहेत का, ते पाहावे. यंत्रमानव सडपातळ आणि देखणा असेल, तर मोठ्या आकृतीत बसवायची खुंटी त्याने कुठे लपवली आहे, ते पाहावे. काही संचांत ती खुंटी डोक्यामागून निघते आणि गाडीच्या रूपात बॉनेटखाली नाहीशी होते. काहींत ती गाडीच्या पाठीमागे उघडीच राहते आणि गाडी ट्रेलर ओढायला निघाल्यासारखी दिसते.

मात्र खरी परीक्षा जोडणीनंतरच सुरू होते, आणि ती सांध्यांत असते. मागील अंकातल्या संचाचे मी स्वयंपाकघरातल्या तराजूवर वजन केले. एका लहान यंत्रमानवाचा स्वतःचा हात सुमारे ८ ग्रॅमचा होता आणि त्याचा भार खांद्यापासून साधारण २ सेंटीमीटरवर येत होता. तोच संपूर्ण यंत्रमानव मोठ्या आकृतीचा हात म्हणून जोडला, तेव्हा त्याचे वजन ११२ ग्रॅम भरले आणि भार खांद्यापासून ७ सेंटीमीटर दूर गेला. गुणाकार केला असता असे दिसते की मोठ्या खांद्यावरची ओढ लहान खांद्यावरच्या ओढीच्या जवळजवळ पन्नासपट आहे. खांदा निदान एवढ्या भारासाठी घडवलेला असतो. त्याहून नाजूक गोष्ट अशी की, मोठ्या आकृतीचे कोपर किंवा गुडघा हा बहुधा लहान यंत्रमानवाचाच कमरेचा किंवा गुडघ्याचा सांधा असतो. जो सांधा चिमुकल्या धडाला पेलण्यापुरता केलेला आहे, त्याच्यावर आता एक अख्खा राक्षस उभा राहतो. डिचोलीच्या मुलांना हे समजावण्यास फार सायास पडू नयेत. नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळायचा नरकासुराचा पुतळा बांधताना मुंडके वेगळे, हात वेगळे असे करून शेवटी ते सांगाड्यावर चढवतात. रंगकाम कितीही सुरेख झाले, तरी मानेतला बांबू कच्चा राहिला की पहाटेपूर्वीच मान कलते. ज्या मुलाने तो बांबू हाताने धरून ठेवला आहे, त्याला सांधा म्हणजे काय हे मी सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून परीक्षणापूर्वी मुलांनी एवढे करावे. मोठ्या आकृतीचा हात जमिनीला समांतर करून ठेवावा आणि रात्रभर तसाच राहू द्यावा. सकाळी तो कितपत खाली आला आहे ते पट्टीने मोजावे. खांदा वळवताना टिक्-टिक् असा आवाज येत असेल, तर आत दाते आहेत असे समजावे. असा सांधा भार चांगला पेलतो, परंतु दात्यांच्या टप्प्यांवरच थांबतो, त्यामुळे हवा तो कोन मिळत नाही. आवाज न येता वळणारा गोळीचा सांधा, म्हणजे वाटीसारख्या खाचेत गोल टोक फिरते तो, कोणत्याही कोनात थांबतो, मात्र कालांतराने सैल पडतो. मोठ्या आकृतीच्या खांद्यात आणि मांडीत दाते, तसेच लहानांच्या हातांत गोळी, अशी वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. यानंतर घोटे पाहावेत. पाय किंचित फाकवल्यावर तळवे जमिनीवर सपाट टेकतात, की आकृती तळव्यांच्या कडांवर उभी राहते? घोटा आडवा झुकत नसेल, तर तो यंत्रमानव जन्मभर सावधानमध्येच उभा राहील.

रूपांतर सोपे आहे की अवघड, हे पहिल्या खेपेला ठरवू नये. सूचनापत्रिका पाहून एकदा, न पाहता दहा वेळा करावे, आणि अकराव्या वेळी घड्याळ लावावे. पहिल्या खेपेला वीस मिनिटे लागलेला संच अकराव्या खेपेला चार मिनिटांत जमत असेल, तर तो अवघड नसून नीट विचार करून रचलेला आहे. याउलट अकराव्या खेपेलाही एखादी खुंटी खाचेत बसताना बोट दुखत असेल, तर ते स्पष्ट लिहावे आणि ती खुंटी कोणती तेही लिहावे. ‘रंग आकर्षक आहेत’ या वाक्याऐवजी ‘डाव्या पायाची निळी मोटार मांडीच्या खाचेत पूर्ण बसत नाही, त्यामुळे मोठी आकृती डावीकडे झुकते’ असे वाक्य ज्या मुलाच्या लेखात येईल, त्याचा लेख हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर घ्यावा, असे मला वाटते.

प्रश्न : बोडगेश्वराच्या जत्रेत मुलाला पाच यंत्रमानवांचा संच घेऊन दिला. खोक्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. लहान पाचही जण छान आहेत, पण जोडल्यावर उजवा हात दहा मिनिटांत खांद्यातून निसटतो. हा माल नकली आहे का, आणि हात घट्ट बसवण्याचा काही उपाय आहे का? (एक पालक, म्हापसा)

उत्तर : आपण पाठवलेल्या छायाचित्रावरून तो एखाद्या नामांकित संचाची नक्कल असावा असे दिसते. अशा नकला पुष्कळदा मूळ खेळण्याचे भाग साच्यासाठी वापरून केलेल्या असतात. ओतलेले प्लास्टिक थंड होताना किंचित आकसते, त्यामुळे नकलेची खुंटी मूळ खुंटीपेक्षा केसभर बारीक येते. डोळ्यांना तो फरक जाणवत नाही, परंतु खाचेला जाणवतो. लहान यंत्रमानव चांगले आणि मोठा ढिला, या आपल्या तक्रारीचा उगमही बहुधा इथेच आहे, कारण लहानांच्या सांध्यांवर भारच थोडा असतो.

उपाय साधा आहे. खुंटी किंवा गोळी खाचेतून काढून तिच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक पातळ थर द्यावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ती वेगळीच ठेवून पूर्ण वाळू द्यावी. आवश्यक वाटल्यास दुसरा थर द्यावा. घाई करून ओला सांधा जोडला, तर तो कायमचा चिकटेल. झटपट चिकटणारा डिंक जोडलेल्या सांध्यात सोडण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो आपण ऐकू नये. तात्पुरती सोय म्हणून नळ बसवताना वापरतात ती पांढरी टेप खुंटीभोवती एक वेढा गुंडाळली तरी काम भागते आणि ती हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळते. मात्र खुंटीच्या बुडाशी पांढरट रेघ उमटलेली दिसली, तर तिथे प्लास्टिक ताणले गेले आहे असे समजून बळ लावणे थांबवावे.

नकली मालाविषयी माझी खरी हरकत निसटत्या हाताबद्दल नाही. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक क्रमांक आहेत. चिन्हाखाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर पडताळून पाहता येतो. रंगात शिशासारखे पदार्थ किती असावेत, कडा किती धारदार असाव्यात, याची तपासणी त्या चिन्हामागे असते; बिननावाच्या खोक्यामागे ती असल्याची कोणतीही खात्री नाही. मूळ संच महाग का पडतात, हेही जाता जाता सांगतो. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेले. जत्रेतल्या दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही, तोही हा माल कुणाकडून तरी घाऊकच आणतो. पण पुढच्या वेळी खोके उलटून पाहावे.

प्रश्न : माझे काका बोटीवर नोकरीला होते. १९८७ च्या सुमारास त्यांनी सिंगापूरहून माझ्यासाठी सहा हिरव्या-जांभळ्या बांधकाम वाहनांचा संच आणला होता. सहा जोडल्यावर एक मोठा राक्षस होतो. घर आवरताना तो माळ्यावर सापडला. एक पंजा आणि छातीवरची फळी हरवली आहे, स्टिकर सुटले आहेत, स्क्रू गंजले आहेत. हा संच कोणता, आणि त्याचे आता काय करावे? (एक वाचक, वास्को)

उत्तर : आपल्या काकांनी आणलेला संच हा या प्रकारातील सर्वांत गाजलेल्या संचांपैकी एक आहे. त्या राक्षसाचे नाव डेव्हस्टेटर. जपानच्या तकारा या कंपनीने डायक्लोन नावाच्या मालिकेत रूपांतर होणारी अनेक खेळणी काढली होती. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ती आणि तकाराचीच आणखी काही खेळणी घेऊन १९८४ मध्ये ट्रान्स्फॉर्मर्स या नावाने बाजारात आणली, आणि १९८५ मध्ये हा सहा जणांचा संच तिथे विक्रीस आला. जोडणीची कल्पना त्याहून जुनी आहे. जपानमध्ये १९७६ च्या कॉम्बॅट्लर व्ही या दूरचित्रवाणी मालिकेतील पाच वाहनांचा यंत्रमानव खेळण्याच्या रूपातही खरोखर जोडता येत असे.

आपल्या संचात प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. सिमेंट कालवणारी गाडी डावा पायच होते. तिला हात करता येत नाही. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८६ मध्ये, वेगळ्या रचनेचे संच आले. त्यांत एक मोठा म्होरक्या धड होतो आणि चार लहान साथीदारांना एकसारखी खुंटी असल्यामुळे त्यांपैकी कोणीही हात किंवा पाय होऊ शकतो, इतकेच नव्हे, तर एका चमूतला गडी दुसऱ्या चमूच्या धडालाही बसतो. पाच विमानांचा सुपेरियन, पाच गाड्यांचा मेनासॉर ही त्यांतली परिचित नावे. मुलांना ही अदलाबदल फार आवडली आणि आजचे बहुसंख्य संच त्याच रचनेचे वंशज आहेत. परीक्षक म्हणून विचाराल, तर माझा कल आजही आपल्या काकांच्या संचाकडे आहे. ज्याला केवळ डावा पायच व्हायचे आहे, तो पाय म्हणून नीट घडवता येतो; ज्याला चारही जागा निभवायच्या आहेत, तो चारही ठिकाणी थोडा थोडा उणा पडतो. डेव्हस्टेटरची २०१५ ची नवी आवृत्ती सुमारे ४६ सेंटीमीटर उंच आहे आणि तिच्यातही सहा जणांच्या जागा ठरलेल्या आहेत, हे मला बोलके वाटते.

आता आपल्या संचाच्या देखभालीविषयी. वास्कोची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत स्क्रू गंजणारच. योग्य मापाच्या स्क्रूड्रायव्हरने ते हळुवार फिरवून पाहावेत. फिरत नसतील, तर जोर न लावता यंत्राच्या तेलाचा एक थेंब टाचणीच्या टोकाने केवळ स्क्रूच्या डोक्यावर सोडावा आणि प्लास्टिकवर ओघळलेले तेल लगेच पुसून घ्यावे. भाग कोमट पाण्यात थोडा साबण घालून मऊ ब्रशने धुवावेत, मात्र स्टिकर आणि चकाकता मुलामा असलेले भाग भिजवू नयेत. वाळवण्यासाठी उन्हात मुळीच ठेवू नये, कारण उन्हाने प्लास्टिक पिवळे पडते आणि ठिसूळही होते. धुऊन झाल्यावर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावे, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा त्या पुड्या बदलाव्यात. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर्षानुवर्षे ठेवण्याची आपल्याकडची सवय येथे घातक ठरू शकते. पिशवी मऊ राहावी म्हणून तिच्यात मिसळलेला पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि कठीण प्लास्टिकला चिकट करतो.

आपल्या माळ्यावर त्या काळातली आणखी खेळणी असतील आणि त्यांपैकी एखाद्याचे प्लास्टिक सोनेरी, आत चमचमणाऱ्या लहरी असलेले असेल, तर त्याचे रूपांतर करण्याचा मोह टाळावा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक वर्षे वापरले गेलेले असे सोनेरी प्लास्टिक कालांतराने आतून ठिसूळ होते आणि खोक्यातून कधी न काढलेल्या खेळण्याचेही बिस्किटासारखे तुकडे पडतात. विकावे की ठेवावे, याबद्दल मी मत देत नाही. पंजा आणि फळी नसताना मोल बरेच घटते, इतके मात्र खरे. माळ्याचा कोपरान् कोपरा पुन्हा एकदा पाहावा.

प्रश्न : नातू तीन वर्षांचा होत आहे. वाढदिवसाला असा संच द्यावा का? (एक आजी, फोंडा)

उत्तर : देऊ नये. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील सुटे भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका ठरावीक नळीत मावता कामा नयेत असा दंडक आहे, आणि अशा संचातील पंजे, बंदुका, डोक्यावरची शिंगे त्या नळीत सहज मावतात. नातवाने तीन वर्षे पूर्ण केली म्हणून वस्तू तोंडात घालण्याची सवय त्याच दिवशी सुटत नाही. खोक्यावर पाच किंवा आठ वर्षे असे वय छापलेले असते, ते केवळ बुद्धीच्या हिशेबाने नसते. नातवाच्या बोटांत अजून खुंटी दाबण्याचे बळही नाही, त्यामुळे संच आजोबांनाच जोडत बसावे लागेल.

प्रश्न : मागील परीक्षणात आपण मोठ्या आकृतीचे सुटे पंजे हा दोष मानून दोन गुण कापले. मला हे अन्यायाचे वाटते. पंजा आत दुमडून बसवायचा, तर लहान यंत्रमानवाचे धड पोकळ करावे लागते आणि तो अधू दिसतो. सुटा पंजा असल्यामुळेच लहान पाच जण देखणे झाले आहेत. आपण मोठ्याच्या बाजूने झुकून लहानांवर अन्याय करता. (एक वाचक, काणकोण)

उत्तर : आपल्या म्हणण्यातला मोठा भाग मला मान्य आहे. पंजा पोटात लपवण्याच्या हट्टापायी बरगड्यांच्या जागी केवळ भोक उरलेले लहान यंत्रमानव मीही पाहिले आहेत आणि त्यांना हातात धरल्यावर आतली पोकळी अंगठ्याला लागते. माझी तक्रार सुटेपणाविषयी नव्हती, हे मी अधिक स्पष्टपणे लिहायला हवे होते. ट्रान्स्फॉर्मर्सच्या २०१५ च्या कॉम्बायनर वॉर्स या खेळण्यांच्या मालिकेत प्रत्येक लहान यंत्रमानवासोबत असाच एक सुटा भाग येत असे, पण तो भाग मोठ्याचा पंजा किंवा तळवा होई आणि लहानाचे शस्त्रही होई, त्यामुळे तो कोणत्याही रूपात बेवारस राहत नसे. मागील अंकातल्या संचात पंजाला मोटारीच्या रूपात जागाच दाखवलेली नाही. जोडणी मोडली की पंजे टेबलावर उरतात आणि तिथून ते कुठे जातात हे मुले असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

माझ्याकडच्या संचाचा डावा पंजा परीक्षणानंतर आठच दिवसांत हरवला आणि चवथीला गणपतीच्या वर फळे टांगायच्या माटोळीसाठीच्या दोऱ्या काढताना त्याच डब्यात सापडला. सध्या तो पिवळ्या मोटारीच्या टपावरील ५ मिलिमीटरच्या भोकात बसवून ठेवला आहे. तो तिथे घट्ट बसतो, दोन्ही रूपांत तिथेच राहतो आणि मोटारीवर वाईटही दिसत नाही; सूचनापत्रिकेत मात्र ते भोक कशासाठी आहे याचा कुठेही उल्लेख नाही. दोनपैकी एक गुण मी परत देत आहे.